पत्रा आपला, जमीन दुसऱ्याची

घर हलवायचं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे टेम्पो येतो, गाद्यांच्या वळकट्या येतात, पोत्यात भरलेली भांडी येतात. आमच्याकडे तसं नसतं. आम्ही घरच उचलतो. भिंती, छप्पर, खिडक्या, दाराची कडी, सगळं जसंच्या तसं क्रेनने ट्रेलरवर ठेवतो आणि दुसऱ्या जागी नेऊन उतरवतो. आमचे हे, ज्यांना बारामती-इंदापूरकडे लोक दत्ता मिस्त्री म्हणतात, ते घर उचलतात. मी माणसं उचलते. यातलं जास्त जड काय, यावर आमच्या घरात कित्येक वर्षांचा वाद चालू आहे.

हे घर कसलं, ते आधी सांगायला हवं. बारामतीच्या एमआयडीसीत, दवाखान्यांत, मार्केट यार्डात कामाला येणाऱ्या पुष्कळ माणसांना शहरात जागा परवडत नाही. मग गावाबाहेर कुणाची तरी पडीक जमीन बघायची आणि महिन्याच्या भाड्याने घ्यायची. भाडं नुसत्या जमिनीचं. तिच्यावर घर ज्याचं त्याने आणायचं. लोखंडी अँगलचा सांगाडा, चारी बाजूंनी पत्रे, वर पत्रे, उन्हाळ्यात जीव जाऊ नये म्हणून आतून प्लायवूड. अशी घरं एकाला लागून एक उभी राहिली की त्या रांगेला आमच्याकडे ‘लाईन’ म्हणतात. लाईनीत माणसं वर्षानुवर्षं राहतात. पोरी नांदायला जातात, सुना येतात, दारापुढे तुळस आणि कढीपत्ता लागतो. पण पत्रा आपला आणि जमीन दुसऱ्याची. एक दिवस त्या जमिनीला भाव येतो, मालकाच्या पोरांना तिथे प्लॉट पाडायचे असतात, नाहीतर मंगल कार्यालय बांधायचं असतं, आणि लाईन उठते.

ही घरं बनवायचं काम यांच्याकडे पहिल्यापासून होतं. बनवलेली घरं हलवायचं काम लोकांनीच त्यांच्या गळ्यात घातलं. मी त्यात आले ती डबा घेऊन. साइटवर डबा द्यायला जायचे तेव्हा हे वेल्डिंग करत असायचे, आणि घरातल्या बाया बाहेर सामानावर बसून गप्प बघत असायच्या. मी त्यांच्याजवळ बसायला लागले. नवी जागा कुठली, तिथे पाणी कुठून भरणार, पोरांची शाळा किती लांब, असं विचारायला लागले. बहुतेकींना यातलं काहीच माहीत नसायचं. नवऱ्याने कुठली तरी जागा बघितलेली असायची, तीही घाईत.

त्या सुरुवातीच्या दिवसांतली एक लाईन मला अजून आठवते. मालकाने आठवड्याची मुदत दिली होती. सगळ्यांना मावेल अशी जागा मिळाली नाही, म्हणून घरं तीन ठिकाणी गेली. आमच्या लेखी काम चोख झालं, एका काचेला तडा गेला नाही. पण त्या लाईनीत दोघी-तिघींनी एकमेकींची पोरं सांभाळायची आणि पाळीपाळीने कामाला जायचं, असं चाललं होतं. घरं पांगली आणि त्यांचं काम सुटलं. पुढे त्यातली एक मला बाजारात भेटली. म्हणाली, “वहिनी, घर हाय तसंच हाय, पर घरात बसून करू काय?” तेव्हापासून आम्ही एक ठरवलं. लाईन उठेल तर एकत्र उठेल आणि एकत्र बसेल. तशी जागा शोधायचं काम मी अंगावर घेतलं.

जागा बघायला गेले की मी तीन गोष्टी विचारते. पाणी कुठून येतं, एसटी कुठे थांबते आणि आमचा ट्रेलर आत कसा जाणार. जमीन काळी का मुरमाड, भाडं किती, हे त्यानंतर.

माणसं नाना तऱ्हेची भेटली. एका निवृत्त वॉचमनने आपल्या पत्र्याच्या घरात स्वतःच्या हाताने लाल कोबा घातला होता, आरशासारखा. त्यांचा आग्रह, “मिस्त्री, खालचं बी घ्या.” यांनी समजावलं की घर उचललं तरी जमीन उचलता येत नाही. म्हातारबाबा दोन दिवस बोलले नाहीत. मग आम्ही घर न्यायच्या आधीच नव्या जागेवर जाऊन त्यांनी तसाच कोबा घातला, आणि घर उतरवायच्या दिवशी त्याच्यावर कुणाला पाय ठेवू देईनात. क्रेनवाल्याने ते घर दुधाचं पातेलं उतरवावं तसं उतरवलं. आणखी एका जोडप्याचं घर क्रेनला लटकत असताना त्यांच्यात वाद लागला. बाईंना दार पूर्वेला हवं, त्यांच्या नवऱ्याला रस्त्याकडे. घर हवेत, आणि खाली दोघं एकमेकांना माहेर-सासरचं काढून बोलतायत. यांनी क्रेन थांबवून सगळ्यांना चहा सांगितला. शेवटी दार पूर्वेलाच झालं. रस्त्याकडे एक खिडकी कापून दिली.

पण मला सांगायचंय ते शालनच्या घराचं.

कन्हेरीच्या बाजूला आप्पा म्हणून एका शेतकऱ्याच्या जमिनीवर बारा घरांची लाईन होती. आप्पांच्या मुलांना तिथे मंगल कार्यालय बांधायचं होतं. आप्पा स्वतः आमच्या वेल्डिंगच्या दुकानी आले. म्हणाले, “मंदाताई, माणसं चांगली हायती. धा-बारा वर्सात कुणी वाकडा शबूद बोललं न्हाय. त्यास्नी नीट कुठंतरी बसवा, मग आमी जमिनीला हात लावतो.” सगळे मालक असे नसतात.

बरीच वणवण केल्यावर इंदापूर तालुक्यात एका गावाजवळ जागा मिळाली. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे झालं ते कुठल्याही गावात होऊ शकलं असतं. एसटीतून निवृत्त झालेल्या एका ड्रायव्हरची मुरमाड जमीन होती. तिच्यावर बोअर होती, पाच मिनिटांवर एसटीचा थांबा होता. जमीनमालकाने लांब मुदतीचा करार करून दिला. अडचण एकच. हमरस्त्यापासून जमिनीपर्यंत जाणारी वाट दिनकरतात्यांच्या उसातून जात होती. वाट बैलगाडीपुरती, आणि दोन्ही बाजूंनी ऊस तिच्यावर झुकलेला. ट्रेलर न्यायचा तर एका अंगाच्या उसाच्या दोन सऱ्या तोडून काढाव्या लागणार होत्या. मी तात्यांना जाऊन भेटले, उसाची भरपाई देऊ म्हणाले. त्यांनी मान हलवली. “बगू, या तुमी.” मी ते होकार धरून चालले.

पहिलं घर शालनचं न्यायचं ठरलं. शालन बारामतीच्या एका दवाखान्यात मावशी म्हणून काम करते. बोलायला फटकळ, हाताला चलाख. तिचा नवरा पोपट कारखान्याच्या ऊसवाहतुकीवर ट्रॅक्टर चालवतो, त्यामुळे हंगामात चार-चार दिवस घरी नसतो. संक्रांत नुकतीच झाली होती. आम्ही तिच्या घरातली मांडणी भिंतीला बांधली, भांड्यांमध्ये गोधड्या कोंबल्या, सिलिंडर बाहेर काढला. सांगाडा पिळवटू नये म्हणून यांनी आतून तिरपे अँगल मारले आणि दार चौकटीला वेल्डिंगने टाचलं. मग खालचे बोल्ट काढले, चार कोपऱ्यांना पट्टे लावले आणि क्रेनने घर अलगद उचललं. पुढे लाल फडकं लावलेली मोटारसायकल, मागे आमची जीप. जिथे विजेच्या तारा खाली लोंबतात तिथे वायरमन आधी बोलावून ठेवलेला. कन्हेरीपासून त्या गावापर्यंत एका पत्र्यालाही ओरखडा नाही. मागे आप्पांच्या मुलांनी घराखालची जागा त्याच दिवशी जेसीबीने सपाट करायला घेतली.

आम्ही वाटेच्या तोंडाशी पोचलो तर दिनकरतात्या तिथे दगडावर बसलेले. डोक्याला टोपी. हातात विळा.

“गाडी आत जायाची न्हाय,” ते म्हणाले.

“तात्या, आपलं बोलणं झालं होतं,” मी म्हणाले.

“बगू म्हणलं हुतं. बगितलं. न्हाय जमत.”

“भरपाई वाढवून देऊ.”

“पैशाचं न्हाय ते.”

“मग कशाचं?”

त्यांनी मान वळवली. मागे गावातले पाच-सहा जण उभे होते. त्यातला एक म्हणाला, “कुठली माणसं, कोन माणसं, काय ठाव? एकदम बारा घरं. गावाला इचारलं का?”

हे क्रेनवाल्याजवळ उभे होते. त्यांचा स्वभाव शांत, पण मान लाल झालेली मला दिसत होती. घर परत न्यावं तर खालची जमीन उकरली गेलेली. पुढे जावं तर वाट बंद. शालन जीपमधून उतरून आपल्या घराकडे बघत उभी होती. इतकी वर्षं ती ज्या खिडकीतून बाहेर बघायची ती खिडकी आता तिच्या डोक्याच्या वर होती.

मी यांना म्हणाले, “वाद नको. ट्रेलर रस्त्यावरच्या दूध डेअरीसमोर मोकळ्या जागेत लावा.”

“किती वेळ?”

“ठाऊक नाही.”

त्यांनी ट्रेलर डेअरीसमोर बाजूला लावला, खाली जॅक दिले, चारी चाकांना दगड लावले. बाकीची अकरा घरं कन्हेरीलाच थांबली. मी आप्पांना फोन करून जेसीबी थांबवायला सांगितलं. ते म्हणाले, “थांबवली.” एवढंच, दुसरा प्रश्न नाही.

संध्याकाळ झाली तशी शालन म्हणाली, “ताई, दार उघडून द्या. मी माझ्या घरात झोपते.”

ट्रेलरवर घर असताना आत माणूस नको, हा यांचा नियम. मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्यांनी गाडी हालत नाही, जॅक पक्के आहेत, हे दोनदा तपासलं आणि दाराचं वेल्डिंग तोडून दिलं. शिडी लावली. आत जमिनीच्या जागी ट्रेलरचाच पत्रा होता. त्या रात्री मी तिच्याजवळ राहिले. सकाळी ती उठली, बाहेर दगडांवर चूल मांडून पाणी तापवलं, दवाखान्याची निळी साडी नेसली, दाराला कुलूप लावलं आणि शिडीवरून खाली उतरून एसटीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. दूध घालायला आलेले लोक किटल्या हातात धरून बघत राहिले.

मी तात्यांकडे रोज जात होते. मनात धरलं होतं की तात्या गावाच्या दबावाने नाही म्हणतायत. तसं थोडं होतंही. पण तिसऱ्या दिवशी मी भरपाईचं बोलणं बंद केलं आणि त्यांच्या ओट्यावर नुसती बसले, तेव्हा त्यांनी खरं काय ते सांगितलं. काही वर्षांपूर्वी एकाने त्यांच्याच शेतातून ‘एकदाच’ म्हणून पाइपलाइन नेली. त्या एकदाचं कायमचं झालं. बांध सरकला, आणि कोर्टकचेरीत त्यांच्या चपला झिजल्या.

“आज तुमची गाडी,” तात्या म्हणाले, “उद्या सिमिटाची, परवा डांबराची. वाट रुंद झाली की झालीच. मागारी कोन देतंय?”

“तात्या, बांधाचे दगड कुठे आहेत?”

“हायत की जाग्यावर. आजून तरी.”

“घरं आत गेली की ते दगड तुमच्या डोळ्यांसमोर पुन्हा पक्के करून देते. सिमेंटमध्ये. वाट आज आहे तेवढीच राहील.”

“तुमी देताल. तुमी गेल्यावर?”

“लाईनीतली बारा घरं राहतील ना इथेच. त्यांना सांगा. त्यांनाच राखू द्या.”

ते नुसतं “हं” म्हणाले.

दुपारी तात्यांच्या घरच्या, हिराकाकी, ट्रेलरपाशी आल्या. सोबत आणखी तिघी. कुतूहल होतं ते. अख्खं घर गाडीवर कसं राहतं, हे त्यांना बघायचं होतं. शालनची त्या दिवशी सुट्टी होती. ती वरून म्हणाली, “या की वर. शिडी धरते.” काकी नऊवारीचा काष्टा आवरत शिडी चढल्या. मीही मागोमाग गेले.

आत सगळं जागच्या जागी होतं. मांडणीवर डबे, दोरीवर टॉवेल, भिंतीवर पोपटचा आणि शालनचा लग्नातला फोटो. त्याच्या शेजारी बाबासाहेबांचा फोटो स्क्रूने भिंतीत पक्का केलेला. आमच्याही घरात तोच आहे. काकींची नजर त्या फोटोवर थांबली. माझी काकींवर. एवढ्या वर्षांत ही वेळ माझ्यावर अनेकदा आली आहे आणि पुढे काय होईल हे मला कधीच आधी कळलेलं नाही.

काकी म्हणाल्या, “काच फुटली न्हाय व्हय एवढ्या रस्त्यानं?”

“मिस्त्रींनी मागं कापूस लावलाय,” शालन म्हणाली.

काकी खाली बसल्या. “कामाला कुठं जातीस?”

शालनने दवाखान्याचं नाव सांगितलं.

“आगं बाई. माजं आपरेशन तितंच झालं. तितल्या मावश्या लई वरडत्यात.”

“मी बी वरडते,” शालन म्हणाली. “न्हाय वरडलं तर नातेवाईक पलंगावर चपला घालून बसत्यात.”

काकी हसल्या. बरोबरच्याही हसल्या. शालनने सगळ्यांना बिनदुधाचा चहा दिला, दूध संपलं होतं. काकींनी तो घेतला आणि म्हणाल्या, “समोर डेअरी, आन् घरात दूध न्हाय.” संध्याकाळी त्यांच्याकडून तांब्याभर दूध आलं. तात्यांकडून मात्र होकाराचा निरोप आला नाही.

आणखी दोन दिवस गेले. शालन सकाळी शिडीवरून उतरत होती, संध्याकाळी चढत होती. पोपट एकदा उसाची खेप टाकून आला, ट्रेलरवरचं आपलं घर बघून डोक्याला हात लावून हसला आणि जेवून परत गेला. आमचा ट्रेलर अडकला होता, दुसरी दोन कामं पुढे ढकलावी लागली. हे मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त येऊन जॅक तपासायचे.

मग एका सकाळी मी पोचले तर तात्या वाटेच्या कडेला ऊस तोडत होते. त्यांच्याबरोबर दोन गडी. वाटेकडच्या दोन सऱ्या अर्ध्याअधिक मोकळ्या झालेल्या. मी जवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी वर बघितलं नाही.

“सुरूचा नवा ऊस लावायचाय, त्याला बेणं पायजे,” ते म्हणाले. “हितलाच ऊस चांगला हाय. तोडायचाच हुता.”

“व्हय, तात्या.”

“तुमच्या गाडीसाटी न्हाय तोडला.”

“न्हाय, न्हाय.”

“आता मोकळं झालंच हाय, तर घ्या आत. बाई मानूस रस्त्यावर घर ठिवून कामाला जातीय, रोज सकाळी दूध घालताना ते बगावं लागतंय. बरं दिसत न्हाय.”

मी यांना फोन लावला. दुपारपर्यंत क्रेन आली. जो माणूस पहिल्या दिवशी ‘कुठली माणसं’ म्हणाला होता, तोच ट्रेलरपुढे उलटा चालत ‘येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं’ म्हणून हात दाखवत होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, आणि त्यानेही मागचं काही काढलं नाही. शालनचं घर तिच्या जागेवर बसलं तेव्हा ती दवाखान्यात होती. संध्याकाळी एसटीतून उतरून ती सवयीने डेअरीकडे गेली. तिथे ट्रेलर नाही बघून तिचा जीव खाली-वर झाला. डेअरीवाल्याने तिला वाट दाखवली.

पुढच्या आठवड्यात बाकीची अकरा घरं आली, कन्हेरीला होती त्याच क्रमाने. शेवटचं घर उतरल्यावर लाईनीतल्या पुरुषांनी सिमेंट कालवलं आणि तात्यांच्या देखत बांधाचे दगड पक्के केले. तात्यांनी प्रत्येक दगडाला पाय लावून बघितला. एक दगड त्यांना पटला नाही. तो काढून पुन्हा बसवला.

सगळं गोड झालं असं म्हणणार नाही. लाईनीतल्या एका घराला गाव मानवलं नाही, त्यांनी परत बारामतीजवळ भाड्याची खोली घेतली. ते घर रिकामं आहे. मी गेले की त्याच्या दाराला हात लावून येते. नळाच्या पाण्यासाठीही बरंच झगडावं लागलं. ग्रामपंचायतीत चकरा मारताना मला एकाने विचारलं, “तुमचं काय जातंय यात?” मी म्हणाले, “माझं काम आहे हे.” त्याला ते उत्तर पुरलं नाही. मला पुरतं. या भागात कुठल्या गावात कुठलं घर कुठून आलंय, हे आम्हा दोघांना पाठ आहे. एसटीतून जाताना खिडकीतून पत्र्याचं छप्पर दिसलं की हे मला कोपराने ढोसतात.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर शालनचा फोन आला. दुकानात वेल्डिंग चालू होतं, म्हणून मी बाहेर येऊन बोलले.

“ताई, ग्रामपंचायतीचा पेंटर आलाय,” ती म्हणाली. “लाईनीवर घराचे नंबर टाकतोय. आमच्या पत्र्यावर पडला आत्ताच.”

“बरं झालं.”

“हिराकाकी म्हणत्यात, आता तू गावची झालीस, ग्रामसभेला यायचं. मी म्हणलं, सुट्टी असली तर येईन.”

फोन चालू ठेवूनच मी आत जाऊन यांना सांगितलं. त्यांनी डोळ्यांवरची काच वर केली आणि म्हणाले, “तिला विचार, रंग कसला वापरलाय. साधा असला तर पहिल्याच पावसात धुऊन जाईल.”

मी विचारलं. ऑइलचा होता.